नाशपातीवरचे लाल दोरे

दोरामावशी जिना उतरून खाली आल्या, रस्त्यावर पाऊल टाकलं आणि वळून पुन्हा जिना चढल्या. गॅस बंद होता. मगाशीही बंदच होता. त्यांनी बटणावर हात ठेवून स्वतःला मोठ्याने सांगितलं, "बंद आहे गं बाई, बंद आहे." मग कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली गळ्यातल्या नाडीला बांधून स्वेटरच्या आत सोडली. खिशात लाल दोऱ्याचं रीळ होतं. ते चाचपताना त्यांच्या मनात आलं, की हल्ली रिळात दोराच कमी भरतात मेले. आणलं आणि संपलं.

एकेकाळी मावशींची आठवण हा गल्लीत चेष्टेचा विषय होता. बाजारामागच्या बोळात त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक दारात उभं राहायचा अवकाश, त्याची कंबर किती, डावा खांदा किती उतरलेला, मागच्या खेपेला पॅन्ट कुठे फाटली होती, सगळं तोंडपाठ. एका वकिलाला त्यांनी भर चौकात हाक मारून सांगितलं होतं, "पोट सुटलंय तुमचं, कोट घेऊन या, शिलाई सोडून देते." वकील आठवडाभर त्या रस्त्याने गेला नाही, पण शेवटी कोट घेऊन आलाच. नवरा गेल्यावर आणि सुई ओवताना डोळ्यांना पाणी येऊ लागल्यावर मावशींनी दुकान आवरलं, पण मशीन घरी आणलं. दोन खोल्या, एक मशीन, आणि समोरच्या बसडेपोवर नजर ठेवायला एक खिडकी. एवढ्यात त्यांचं छान चाललं होतं.

मग उन्हाळ्यात एका दुपारी इस्त्री चालू राहिली. टेबल जळलं, पडदा जळला, शेजाऱ्याने धूर पाहून दार ठोठावलं तेव्हा मावशी खिडकीत बसून बस बघत होत्या. संध्याकाळी लेक आली. ती इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसते, विसरणारे म्हातारे रोज पाहते, त्यामुळे तिने आरडाओरडा केला नाही. नुसतं म्हणाली, "आई, पुन्हा असं काही झालं ना, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मग वाद घालायचा नाही."

"घालणार नाही," मावशी म्हणाल्या.

"निदान किल्लीची जोड तरी करून दे मला."

"माझ्या घराला एक दार, एक किल्ली आणि एकच बाई. जोडबिड काही नको."

लेकीचं घर काही वाईट नव्हतं. जावई भला होता, नातवंडं लाघवी होती. पण तिथे मावशींना एक खुर्ची असे, टीव्हीसमोरची, आणि त्या खुर्चीत बसलं की चहा हातात येई, पाणी हातात येई, गोळी हातात येई. उठायला लागलं की तीन तोंडांतून एकच प्रश्न येई, काय हवंय? मावशींना त्या खुर्चीची भीती वाटे. एकदा तिच्यात कायमचं बसलो की आपण संपलो, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

म्हणून त्यांनी झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली होती. नाव आठवेना की समोरच्याला 'बाळ' म्हणायचं. सगळीच बाळं. टक्कल पडलेला औषधवालासुद्धा बाळ. गोष्ट आठवेना की "अगं ते जाऊ दे, तू सांग" म्हणायचं, की समोरची बाई तासभर स्वतःचंच सांगत बसते. युक्त्या झकास चालल्या होत्या. फक्त रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येई, आज काय निसटेल?

आणि आज बागेतला हिवाळी कामाचा दिवस होता.

पाण्याच्या टाकीमागची ही बाग सगळ्या वस्तीची. जमिनीचे वाफे पाडून घराघराला वाटून दिलेले. ज्याचा वाफा त्याची भाजी. मधोमध मात्र एक जुनं नाशपातीचं झाड होतं, ते सगळ्यांचं. फळं आली की सगळ्यांत वाटली जात. थंडीच्या ऐन भरात एक दिवस सगळे मिळून श्रमदान करत. कुंपण नीट करायचं, वाटांवर लाकडाचा चुरा पसरायचा, खताचा ढीग खालीवर करायचा आणि नाशपातीची छाटणी करायची.

छाटणीत एक अडचण होती. पानं गळली की सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात. कुठली फळांनी वाकली होती आणि कुठली रोगट, वांझोटी राहिली होती, हे हिवाळ्यात कुणाला सांगता येणार? त्यावरून दरवर्षी भांडणं व्हायची. शेवटी मावशींनी तोड काढली. ऐन फळांच्या दिवसांत त्या झाडाखाली फिरत आणि जी फांदी कापायची तिला लाल दोरा बांधून ठेवत. बांधायचा तोही पानांआड, बुंध्याकडच्या बाजूला, म्हणजे पोरं ओढून काढत नाहीत. तेव्हापासून बागेत नियमच झाला, की दोरा दिसला की करवत. पुन्हा चर्चा नाही. मावशींना दोरामावशी हे नाव तिथूनच चिकटलं.

आदल्या आठवड्यात लेकीने फोन केला होता. "या वर्षी मीही येते गं तुझ्या बागेत."

"कशाला? गारठ्यात सर्दी होईल तुला."

"होऊ दे. तुझ्याबरोबर एक दिवस जाईल."

मावशी काय ते समजल्या. लेक खत ओढायला येत नव्हती, आईला तपासायला येत होती.

आज मावशी पोचल्या तेव्हा ती बागेच्या फाटकाशीच उभी होती, निळ्या कोटात. त्या कोटाचं मधलं बटण मावशींनीच परवा लावून दिलं होतं. आत गेल्या गेल्या भोंग्याचा आवाज कानावर आदळला. भोंगा म्हणजे बागेचा कारभारी. जन्मभर त्याने शाळेची बस चालवली, आणि पोरांच्या गोंगाटावर ओरडून ओरडून गळा असा तयार झाला, की कानात सांगितलेली गोष्टही कुंपणापलीकडे जाई. "फावडी इकडे, घमेली तिकडे, आणि हातमोजे घातल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

पानगळ सुरू होताच, पुढे नळ गोठतो म्हणून बागेला कुलूप लागतं, ते आजच उघडलं होतं. जमीन दगडासारखी टणक झाली होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मावशी लेकीला कौतुकाने आपला वाफा दाखवत होत्या, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देण्याआधी मनातल्या मनात ते तपासून घेत होत्या. तेवढ्यात झाडाकडून भोंग्याची हाक आली.

"मावशी, या वर्षी झाडच पाडायचं ठरवलंत की काय?"

चारचौघे हसले. मावशीही हसत हसत गेल्या आणि मान वर केली.

नाशपाती उघडीबोडकी उभी होती, आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक फांदीला लाल दोरा होता. खालच्या फांद्यांना होता, मधल्या फांद्यांना होता, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा वरच्या फांद्यांनाही होता. वाऱ्यावर दोऱ्यांची टोकं हलत होती. शिडीवर करवत घेऊन चढलेला सुतार वरून विचारत होता, "नियमानं जायचं तर सगळंच कापायला लागेल. काय करू?"

"खाली उतर बाळ," मावशी म्हणाल्या. "हे मी नाही बांधलं. मी तीन-चार फांद्यांना बांधले होते. कुणीतरी वात्रटपणा केलाय."

आणि ते त्या अगदी खरं मानून बोलल्या.

"वात्रटपणा नाही, डाव आहे हा," भोंगा म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, म्हणजे खरंच रागावला होता. "झाड जावं असं कुणाला वाटतं? उन्हाळ्यात बैठकीत कोण बोललं होतं, माझ्या वाफ्यावर सावली पडते म्हणून?"

सगळ्यांनी कुंपणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे घुम्या एकटाच वाटेवर चुरा पसरत होता. तो पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि घरी जाण्याआधी, उजाडता उजाडता, बागेत यायचा. बैठकीतलं ते एक वाक्य सोडलं, तर कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही. नाव असेल त्याला काहीतरी, पण विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

भोंगा त्याला आणायला गेला. मावशींनी सहज एक खालची फांदी ओढून दोरा जवळून पाहिला.

दोन वेढे, मधून अडकण, पुन्हा एक वेढा, आणि टोक दाताने तोडलेलं. बटणाखाली मारायची गाठ. ही गाठ मावशींना त्यांच्या आईने शिकवली होती आणि मावशींनी ती जगात कुणालाही शिकवली नव्हती. त्यांनी दुसरी फांदी ओढली. तीच गाठ. तिसरी. तीच.

कधी? त्यांना एक दुपार आठवत होती, तीन-चार फांद्या आठवत होत्या. बाकीच्या दुपारी कुठे गेल्या? वरच्या फांदीला दोरा बांधायचा तर शिडी लावावी लागते. म्हणजे त्या एकट्या शिडीवर चढल्या होत्या, उभ्या राहिल्या होत्या, गाठी मारून उतरल्या होत्या, घरी जाऊन जेवल्या होत्या. आणि पुन्हा आल्या होत्या. आपल्या अंगात दुसरीच एक बाई राहते, ती आपल्या पायांनी हिंडते, आपल्या हातांनी कामं करते आणि जाताना काही सांगून जात नाही, असं त्यांना वाटलं. ती आणखी काय काय करत असेल? रीळ लवकर का संपतं, तेही त्यांना तेव्हाच कळलं.

त्यांनी मान वळवली. लेक शेजारीच उभी होती. तिच्या हातातही एक फांदी होती. तिने गाठ पाहिली, मग मान खाली घालून स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. निळ्या कोटाचं मधलं बटण लाल दोऱ्याने लावलेलं होतं. तिने फांदी हळूच सोडून दिली.

घुम्या आला. फावडं हातातच होतं. सगळे त्याच्याभोवती उभे राहिले.

"सरळ विचारतो," भोंगा म्हणाला. "हे दोरे तू बांधलेस?"

"नाही."

"मग कुणी बांधले?"

"माहीत नाही."

"कुलूप लावायच्या आधी शेवटी नळ बंद करायला कोण आलं होतं? किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"म्हणजे झालं तर."

यावर कुणीही आवाज चढवला असता, आईबाप काढले असते, फावडं आपटलं असतं. घुम्याने तसं काही केलं नाही. आळ यायची ज्याला सवय असते तो असाच उभा राहतो. त्याने आपल्या वाफ्याकडे पाहिलं. तिथे गारठलेल्या मातीतून हिरवी टोकं जेमतेम वर आली होती.

"लसूण लावलाय," तो म्हणाला. "तो निघेपर्यंत राहू द्या. मग सोडतो वाफा."

एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून बागेत प्रथमच निघालं असेल.

चोर सोडून संन्याशाला सुळी, मावशींच्या मनात आलं, आणि चोर तर इथे स्वेटर घालून उभा आहे. गप्प बसलं तर सगळं सरळ होतं. आज कुणी झाड कापणार नव्हतं. संध्याकाळी आपला जिना, आपलं कुलूप, आपली खिडकी. लेकीने गाठ ओळखली असली तरी ती चारचौघांत आईला उघडं पाडणार नाही, एवढी मावशींना तिची खात्री होती. जाणार होता तो एका घुम्या माणसाचा वाफा. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. आणि बोललं तर ती खुर्ची. टीव्हीसमोरची.

घुम्या फावडं उचलून चालायला लागला.

"बाळ, थांब," मावशी म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला, की भोंग्याने विचारलं, "काय म्हणालात?" मावशींनी खिशातून रीळ काढलं. त्यांनी समोरची एक डहाळी ओढली, जिला दोरा नव्हता अशी शोधावी लागली, आणि तिला दोरा बांधला. दोन वेढे, अडकण, एक वेढा. टोक दाताने तोडलं. गाठ चुकली नाही.

"ही बघा. आणि आता ती बघा. दोरे माझे आहेत. सगळे."

"अहो, पण मगाशी तुम्हीच म्हणालात..."

"मगाशी मला माहीत नव्हतं. नंतर गाठ पाहिली आणि कळलं, तेव्हा गप्प बसले. मगाचं खोटं नव्हतं, गप्प बसले ते खोटं." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी उन्हाळ्यापासून कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. "बांधले कधी ते आठवत नाही. मला आठवत नाही हल्ली."

एका बाईने उगाच हातमोजे काढले आणि परत घातले. भोंग्याने टोपी वर सारली, खाली ओढली, घसा खाकरला, आणि बागेत पहिल्यांदाच त्याला आवाज सापडेना. शेवटी तो घुम्याकडे वळून म्हणाला, "माझं चुकलं." तेवढंही त्याला जड गेलं.

घुम्याने मान हलवली. मग फावडं झाडाला टेकवून त्याने सुतारापुढची शिडी उचलली, वरच्या फांदीला लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. कुणी चढणार का, असं विचारायची त्याची ती पद्धत असावी. लेक पुढे झाली आणि चढली.

मावशींच्या छोट्या कात्रीने लेक वरचे दोरे कापत गेली, मावशी खालचे सोडवत गेल्या. बाकीचे आपापल्या घमेल्यांकडे निघून गेले, आणि ते बरंच झालं. एका मधल्या फांदीवर लेक थबकली. "आई, इथे एकावर एक किती बांधलेत तू."

घुम्याने हात लांबवून त्या फांदीची साल नखाने खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. "ही मेलीय," तो म्हणाला. "ही कापा."

"चला, एक तरी बरोबर निघाली," मावशी म्हणाल्या. त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ रडूही, म्हणून त्यांनी तोंड झाडाकडे केलं. मग आठवण ठेवून, विसरण्याआधी, त्या घुम्याजवळ गेल्या. "माझ्यामुळे तुला ऐकून घ्यावं लागलं रे. नाव काय तुझं?"

त्याने सांगितलं. मावशींनी ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. तरी ते राहील का, याची त्यांना खात्री नव्हती.

"लसूण निघाला की देतो," तो म्हणाला आणि चुरा पसरायला गेला.

सगळे दोरे निघाले तेव्हा दोघी मायलेकी झाडाखालच्या बाकावर बसल्या. कापलेल्या दोऱ्यांचा गोळा मावशींच्या मांडीवर होता. लेकीचं नाक लाल झालं होतं.

"बटण लावलंस ना लाल दोऱ्याने," ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या हातून निळ्यावर लाल दोरा? दुसऱ्या शिंप्याने लावला असता तर तू त्याचं दुकान बंद पाडलं असतंस."

"मग बोलली का नाहीस?"

"भीती वाटली." लेकीने हात कोटाच्या खिशात खोल घातले. "वाटलं, तोंडाने म्हटलं की ते खरं होईल. आज तपासायला नव्हते आले मी. तू एकटी इथे येऊन धडपडशील म्हणून आले होते. रोज फोन लावताना, तू उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. इतके महिने त्या एकट्याच घाबरून बसल्या होत्या असं त्यांना वाटत होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एकजण तशीच बसली होती.

"सामान आजच बांधायचं का?" त्यांनी विचारलं.

लेकीने खिशातून हात काढून गोळ्यातला एक दोरा बोटाला गुंडाळला. "मला माहीत नाही गं, आई. खरंच माहीत नाही."

भोंगा लांबून कुणावर तरी घमेल्यावरून ओरडत होता, म्हणजे त्याचा घसा सुटला होता. मावशींनी स्वेटरच्या गळ्यातून नाडी बाहेर ओढली. गाठ सोडायला वेळ लागला, ती त्यांनीच मारलेली होती. त्यांनी किल्ली लेकीच्या तळहातावर ठेवली. किल्ली अंगाच्या उबेने कोमट होती.

"आजच जोड करून घे. तुझी तुझ्याकडे ठेव, पण ही मला परत आणून दे. अजून घर माझं आहे."

"आणते."

"आणि हे बघ," मावशी म्हणाल्या, "मी मागायला विसरले, तरी आणून दे."